सुरांचा शेजार

षट्कोनी बटणांच्या कीबोर्डवर वाजवायला बसण्याआधी एक काम करावं लागतं. पेटीवाल्याला ते जन्मात कधी करावं लागत नाही. कोणता सूर कुठे राहणार, हे ठरवायचं असतं. पेटीवर ते केव्हाच ठरून गेलंय. सात पांढऱ्या, पाच काळ्या, डावीकडून उजवीकडे चढत जाणाऱ्या. आपण गाणाऱ्याला ‘काळी एक की पांढरी चार?’ एवढंच विचारायचं आणि भाता हलवायचा. लुमाटोन नावाच्या वाद्यावर मात्र २८० बटणं असतात, सगळी एकाच आकाराची, आणि कुठल्याही बटणात कुठलाही सूर भरता येतो. एवढी मोकळीक हातात आली की माणूस आधी खूश होतो आणि पाच मिनिटांत गोंधळतो.

अशा गोंधळाला सकाळची वेळ बरी. तंबोरा लावलेला असतो, मग तो मोबाइलवरचा का असेना. गळा अजून उघडलेला नसतो आणि कानाला दिवसभराचा कोलाहल लागलेला नसतो. त्या वेळेत मनात घोळणारी ही एक गोष्ट.

सप्तकाचे तुकडे किती करायचे, हा एक प्रश्न. त्याला जुळणी म्हणू. ते तुकडे बटणांवर कसे पसरायचे, हा दुसरा प्रश्न. ती मांडणी. जुळणी सांगते वाड्यात कोण कोण राहतं, आणि मांडणी सांगते कोणाचं दार कोणाच्या दाराला लागून आहे. आपल्याकडे श्रुतींवर वाद झाले ते सगळे जुळणीचे. श्रुती किती, कोणती कुठे, यावर शंभर वर्षं कागद काळे झाले. मांडणीवर फारसं कोणी बोललं नाही, कारण पेटीच्या पट्ट्यांनी तो विषयच बंद करून टाकला होता. मला मात्र वाटतं की बोटांना संगीत शिकवते ती मांडणी. जो सूर बोटाशी असतो तो आपसूक वाजतो, आणि जो चार बोटं लांब असतो तो ‘सुचत’ नाही.

षट्कोनाचं गणित साधं आहे. प्रत्येक बटणाला सहा शेजारी, पण दिशा तीनच, कारण डावीकडचा शेजारी म्हणजे उजवीकडच्याचाच उलटा. या तिन्हींतल्या दोन दिशांना किती पायऱ्या चढायचं हे तुम्ही ठरवलंत, की तिसरी आपोआप ठरते. वर-उजवीकडे ५ आणि खाली-उजवीकडे ४ ठरवलं तर सरळ उजवीकडे ९ होणारच. म्हणजे अख्ख्या २८० बटणांचं नशीब दोन आकड्यांवर लिहिलेलं असतं.

या एकसारखेपणाचा एक फायदा पेटीवाल्याला लगेच कळेल. साथीला बसलं की गायिका काळी पाचमध्ये गाते, पुढचा गायक काळी एकमध्ये. पट्टी बदलली की बोटांची सगळी चाल बदलते. तोच यमन, पण काळ्या-पांढऱ्यांचा खेळ वेगळा. म्हणून तर स्केल चेंजर पेट्या निघाल्या. त्यात पट्ट्यांचा सांगाडाच सरकतो नि बोटांना आपली नेहमीची पट्टी मिळते. षट्कोनी मांडणीत हा प्रश्न उरत नाही. यमनचा आकार एकदा हाताला कळला की कुठल्याही बटणाला सा माना, आकार तोच.

पण ते दोन आकडे कोणते घ्यायचे? फसण्याच्या जागा इथेच आहेत. समजा सप्तकाचे २२ समान भाग केले आणि एका दिशेला ४, दुसरीला २ असे आकडे दिले. दिसायला छान, चतुःश्रुती आणि द्विश्रुती. वाजवायला बसल्यावर कळतं की विषम क्रमांकाचा एकही सूर कीबोर्डवर कुठेच नाही. सम आकड्यांच्या बेरजा-वजाबाक्या करून विषम कुठून येणार? अकरा सूर वाड्यात नावाला आहेत, पण त्यांना खोलीच मिळालेली नाही. सप्तकाचे २४ भाग करणाऱ्यांचीही अशीच गत होते. पावस्वरांच्या त्या विभागणीत पूर्ण स्वर ४ पायऱ्यांचा आणि दोन्ही अर्धे स्वर २ पायऱ्यांचे. पंचमांच्या साखळीवर आधारलेली नेहमीची मांडणी घेतली की हातात पुन्हा आपले जुने बाराच सूर येतात. ज्या मधल्या सुरांसाठी एवढा उपद्व्याप केला तेच गायब.

सगळ्यात भोळी मांडणी म्हणजे सूर उंचीच्या क्रमाने एका ओळीत लावणं. २२ सूर, प्रत्येक बटण दोन सेंटिमीटरचं धरलं तर एक सप्तक ४४ सेंटिमीटरचं होतं. माणसाची वीत साधारण त्याच्या निम्मी. पियानोवर एक सप्तक साडेसोळा सेंटिमीटरात मावतं, म्हणून तर अंगठा सा वर ठेवून करंगळी तार सा वर पोचते. ५३ सूर एका ओळीत लावले तर सप्तक एक मीटरच्या वर जातं. म्हणजे ते वाजवायचं नाही, त्यावरून चालत जायचं.

म्हणून सगळ्या जाणत्या मांडण्या काही सूर जवळ आणतात आणि काही लांब ढकलतात. कोणाला जवळ आणायचं, हाच खरा प्रश्न. इथे मला नाट्यशास्त्र आठवतं.

भरतमुनींनी सुरांची नाती सांगितली आहेत. ज्या दोन सुरांत ९ किंवा १३ श्रुतींचं अंतर ते एकमेकांचे संवादी. ज्यांच्यात २ श्रुतींचं अंतर ते विवादी. रिषभ-गांधार, धैवत-निषाद ही त्यांची उदाहरणं. म्हणजे उंचीने जे अगदी लगतचे ते भांडणारे, आणि जे लांबचे ते मित्र. सुरांच्या जगात जवळीक दोन प्रकारची आहे आणि या दोन प्रकारांचं आपसात पटत नाही. आलापात गळा एका सुरावरून लगतच्या सुरावर घसरतो तेव्हा उंचीची जवळीक लागते. तंबोऱ्यावर पंचम आणि षड्ज एकमेकांत मिसळतात तेव्हा संवादाची जवळीक लागते. कीबोर्डच्या बटणाला कडा सहाच. दोन्ही जवळिका त्यात पुरत्या मावत नाहीत.

संवादाला पहिला मान देणारी एक मांडणी युरोपात आहे. कास्पर विकी या स्विस माणसाने १८९६ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनी ब्रायन हेडन या इंग्रज कॉन्सर्टिनावाल्याने तीच मांडणी स्वतंत्रपणे शोधली, म्हणून तिला विकी-हेडन म्हणतात. उजवीकडे पूर्ण स्वर, वर-उजवीकडे पंचम, वर-डावीकडे मध्यम. पंचम आणि मध्यम मिळून सप्तक, त्यामुळे तार सा एक ओळ सोडून थेट डोक्यावर. सप्तकाच्या २२ भागांवर ही मांडणी बसवून पाहावी. पंचम १३ पायऱ्यांचा, मध्यम ९ चा आणि त्यांच्यातला फरक ४. तेरा, नऊ आणि चार. भरतांचे संवादाचे दोन्ही आकडे आणि चतुःश्रुती स्वर, या तीन संख्या षट्कोनाच्या तीन दिशांवर काही ओढाताण न करता बसतात. विकीने भरतमुनींचं नाव ऐकलं असण्याची शक्यता मला वाटत नाही. गणितच तसं आहे. तरी हे आकडे कागदावर समोर आले की दोन क्षण पेन खाली ठेवावंसं वाटतं.

मात्र या योगायोगाने फार भारावून जाऊ नये. सेंट या सूक्ष्म मापात २२ समान भागांचा पंचम ७०९ चा येतो. तंबोऱ्याचा पंचम ७०२ चा. सात सेंट म्हणजे फार नाही असं वाटेल, पण चार तारा घुमत असताना तो पंचम वाजवून पाहा. कानात खडा. भरतांच्या बावीस श्रुती समान होत्या का, यावर विद्वान अजून भांडतात. पण आज आपण ऐकतो ते गाणं २२ समान भागांत बसत नाही, हे भांडणाशिवाय कळतं. दुसरी अडचण हाताची. विकीच्या मांडणीत संवादी मित्र कडेला कड लावून बसतात, आणि त्यांची किंमत लगतच्या सुरांनी मोजायची. ग वरून म वर जायचं तर दोन बटणं डावीकडे आणि एक वर. शेजारचा सूर असा वळसा घालून गाठायचा. समूहवादनात, स्वरांच्या थरांच्या संगीतात हे चालून जातं. आपल्याला ग-म हे पाऊल दिवसातून हजारदा टाकायचं असतं.

तिसरी एक मांडणी ऑयलरच्या १७३९ च्या जाळ्यावरून आलेली आहे. तिच्यात पंचमाबरोबर दोन्ही गांधार शेजारी येतात आणि सा-ग-प एकाच बोटाखाली मावतात. कॉर्ड वाजवणाऱ्याला ती वरदान आहे. रागदारीवाल्याला तिचा उपयोग कमी, म्हणून पुढे जाऊ.

जुळणीचं आधी नक्की करायला हवं. युरोपात ३१ भागांना मोठा मान. क्रिस्तियान हायगेन्सने सतराव्या शतकात त्याचं गणित मांडलं. दुसऱ्या महायुद्धात लायडन विद्यापीठ बंद पडल्यावर आद्रियान फोकर हा भौतिकशास्त्रज्ञ हायगेन्सचे संगीतावरचे कागद वाचत बसला, आणि त्यातून ३१ सुरांचा प्रचंड ऑर्गन उभा राहिला. १९५० साली तो हारलेमच्या टेलर्स म्युझियममध्ये बसला. आता ॲमस्टरडॅमला आहे. ३१ मधला शुद्ध गंधार फार गोड, ३८७ सेंट, म्हणजे खऱ्या गंधारापासून सेंटभरही लांब नाही. पण पंचम पाच सेंट उतरलेला. आणि आपल्या दृष्टीने मोठी खोट अशी की ३१ मध्ये सगळे पूर्ण स्वर सारखेच. रिषभ दोन प्रकारचे, धैवत दोन प्रकारचे, हा भेदच त्यात पुसला जातो. गंधार गोड करायला रिषभांचा बारीक फरक विकून टाकला.

तो फरक केवढा? आपल्या जुन्या पुस्तकांतला षड्ज २४० आंदोलनांचा. त्यावर धैवत ४०० चा घेता येतो आणि ४०५ चाही. पहिला गंधाराशी जुळतो, कारण ३०० आणि ४००. दुसरा रिषभाशी, कारण २७० आणि ४०५. दोन्ही धैवत एकदम दाबले तर सेकंदाला पाच डोल ऐकू येतात. हा प्रमाणश्रुतीचा फरक, सुमारे २२ सेंट. पेटीवर दोन्हींना मिळून एकच पट्टी असते आणि ती या दोघांपैकी कोणाचीच नसते.

५३ भाग केले तर मात्र मौज होते. प्रत्येक भाग २२.६ सेंटचा, म्हणजे जवळजवळ एक प्रमाणश्रुती. पंचम ३१ पायऱ्यांवर, आणि खऱ्या पंचमापासून त्याचं अंतर एका सेंटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. बावीस श्रुतींची आज जी मांडणी प्रमाण म्हणून सांगितली जाते तिच्यात तीन मापाची अंतरं आहेत: २२ सेंटची दहा, ७० ची पाच आणि ९० ची सात. ५३ च्या भाषेत ती १, ३ आणि ४ पायऱ्यांची. दहा एके दहा, पाच त्रिक पंधरा, सात चोक अठ्ठावीस. बेरीज ५३. तुर्की संगीतातही पूर्ण स्वराचे नऊ ‘कोमा’ मानतात, ते याच हिशोबाने.

५३ सुरांची पेटी प्रत्यक्षात आणली ती ऑक्सफर्डच्या रॉबर्ट बोझांके याने, १८७० च्या दशकात. त्याचं ते हार्मोनियम लंडनच्या सायन्स म्युझियमकडे आहे. बटणं षट्कोनी नव्हती. पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत मागे जाणाऱ्या अरुंद पट्ट्या होत्या. पण शेजाराचा नियम आजच्या षट्कोनी कीबोर्डवर चालतो तोच. बोझांके आणि पुढे अर्व विल्सन या अमेरिकन सिद्धान्तकाराच्या नावाने ती मांडणी ओळखली जाते. आणि याच बोझांकेने १८७७ साली हिंदू संगीतातल्या सप्तकाच्या विभागणीवर रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला होता. बावीस हा आकडा त्याच्यापर्यंत पोचला होता.

ती मांडणी हातात घेऊन पाहू. उजवीकडे ९ पायऱ्या, पूर्ण स्वर. वर-उजवीकडे ५, खाली-उजवीकडे ४. सा वर तर्जनी ठेवली की तिच्या उजवीकडचं बटण शुद्ध रे, २७० वाला. सा आणि रे यांच्या मधल्या खाचेत वर एक बटण, खाली एक बटण. खालचं ४ नंबरचं, वरचं ५ नंबरचं. दोघेही कोमल रिषभ. खालचा अतिकोमल, वरचा जरा चढा. दोघांची कड सा ला लागलेली आणि रे लाही. रे आणि त्याच्या उजवीकडचा गंधार यांच्या खाचेत तसेच दोन कोमल गंधार. गंधार आणि तीव्र मध्यम यांच्यामध्ये दोन मध्यम. सगळ्या जोड्यांचा आकार एकच: एक सूर दुसऱ्याच्या थेट डोक्यावर, मधली ओळ सोडून. दहाच्या दहा जोड्या अशाच. हात एकदा हे शिकला की ‘जरा उतरलेला घे’ म्हटल्यावर बोट सरळ खाली जातं. कोणता सूर, कोणती पट्टी हे विचारावं लागत नाही. हीच जोडी विकीच्या मांडणीत शोधायला गेलं तर सहा बटणं उजवीकडे आणि दोन ओळी खाली सापडते. तिथे कोणी आंदोलित गंधार वाजवायचं मनातही आणणार नाही.

सप्तकाची गंमत पाहा. सा, रे, चढा गंधार आणि तीव्र मध्यम एका ओळीत. म, प, चढा धैवत आणि चढा निषाद त्याखालच्या ओळीत. तार षड्ज आणखी एक ओळ खाली, आणि ३०० आंदोलनांचा गोड गंधार त्याच्याच ओळीत डावीकडे. म्हणजे सप्तक चढत जाताना हात हळूहळू खाली उतरतो. हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. त्यावर उपाय म्हणून जाळीच साधारण सोळा अंशांनी फिरवून बसवतात, की सा ते तार सा ही रेघ आडवी होते. कीबोर्ड किंचित कललेला दिसतो तो त्यामुळे. कारागिराचा हात हललेला नसतो.

या मांडणीने एक वाद माझ्यापुरता फार चांगला उघडून दाखवला. भूप आणि देसकार यांचे पाच सूर तेच. भूपात गंधार वादी, धैवत संवादी, देसकारात उलट. काही जाणकार असंही सांगतात की देसकाराचा धैवत भूपापेक्षा किंचित चढा लागतो. असेलही. आता कीबोर्डवर बघा. भूपाचा गंधार १७ नंबरचा आणि धैवत ३९ नंबरचा. त्यांच्यात २२ पायऱ्यांचं अंतर, म्हणजे तोच आकार जो सा-म चा: दोन उजवीकडे, एक खाली-उजवीकडे. संवाद डोळ्यांनाच दिसतो. देसकारासाठी धैवत ४० वर उचलला की आकार बिघडतो. १७ आणि ४० एकत्र वाजवले की डोल ऐकू येतात. मग एक तर गंधारही १८ वर न्यावा लागतो, किंवा वादी-संवादी यांच्यात थोडं खटकणं मान्य करावं लागतं. गाणारा हे बहुधा करतच नाही. तो दोन्ही सूर क्वचितच एकदम धरतो, आणि देसकारात गंधारावर मुक्काम तरी किती? सकाळच्या पहिल्या प्रहरी धैवतावरून वर झेपावणाऱ्या रागात गंधार ओझरता येतो. तेव्हा वाद मिटला असं नाही, पण नेमका कुठे आहे ते कळलं. प्रश्न धैवताचा नसून धैवत कोणाच्या सोबतीने लावला याचा आहे.

हा रस्ता महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी चालून पाहिला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. मोजमापांसाठी गळा मिळाला तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा, म्हणजे नशीब केवढं. त्यांच्या जोडीला अर्नेस्ट क्लेमंट्स हा आयसीएस न्यायाधीश. त्याने लंडनहून श्रुती-हार्मोनियम बनवून घेतलं, आणि १९१६ साली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ते वाजवून दाखवलं गेलं. तिथे बरीच गरमागरमी झाली. श्रुतींच्या गणिताची ही खात्री संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पचनी पडणारी नव्हती. ती पेटी पुढे चालली नाही. नंतर १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमच बंद केलं, ते तीनेक दशकं. आक्षेप दोन: सूर समान विभागणीचे, आणि मींड नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या आक्षेपावर उपाय निघाला, दुसऱ्यावर निघणार नाही, आणि षट्कोनी कीबोर्डवाल्यांनी तसा दावाही करू नये. ५३ नव्हे, ५३० सूर दिले तरी ती मींड होत नाही. मींड ही सुरांची गर्दी नसते. दोन सुरांमधली वाट गळा किती वेळात, कुठे रेंगाळत पार करतो, यात तिचा जीव. मांडणीने फार तर कण सोपे होतात. सा वरून कोमल रे ला नुसतं शिवून परत यायचं तर कड लागलेली असल्याने बोट घसरत जातं आणि येतं. तेवढं मिळालं तरी पेटीपेक्षा पुष्कळ.

पहिल्या आक्षेपावर आपल्याकडचा अलीकडचा उपाय डॉ. विद्याधर ओक यांचा. त्यांच्या बावीस श्रुतींच्या हार्मोनियममध्ये सा आणि प सोडून बाकी प्रत्येक सुराला दोन श्रुती, आणि कोणती हवी ते खुंटी ओढून आधीच ठरवायचं. हातांना ओळखीच्या त्याच पट्ट्या. हा उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण तो वादकाच्या चाळीस वर्षांच्या बोटांना धक्का लावत नाही. मैफलीत एका रागाला एक गंधार पुरतोही. अडतं तिथे, जिथे एकाच रागात चढताना एक आणि उतरताना दुसरा हवा असतो. खुंटी तानेच्या मध्ये ओढता येत नाही. तिथे दोन्ही सूर बोटांखाली एकाच वेळी हवेत, आणि एकाखाली एक असलेल्या बटणांचा उपयोग होतो. पण त्यासाठी नवं वाद्य पहिल्यापासून शिकायची तयारी लागते. कोणता सौदा बरा, हे वयावरही अवलंबून आहे. आणि खिशावरही, ही षट्कोनी वाद्यं स्वस्त नाहीत.

रंगांचा प्रश्न राहिला. सगळी बटणं सारखी म्हणजे सगळी अनोळखी. पेटीवर डोळे मिटून बोट काळ्यांच्या उंचवट्यावरून जागा शोधतं. इथे उंचवटे नाहीत. म्हणून प्रत्येक बटणाखाली दिवा असतो आणि रंग आपण द्यायचा. बरेच लोक पियानोची आठवण म्हणून सात सूर पांढरे आणि बाकीचे निळे-काळे करतात. मला ते पटत नाही. ५३ मधल्या बावीसांनाच उजळावं: सा-प एका रंगात, प्रत्येक जोडीतला वरचा उजळ आणि खालचा त्याच रंगात मंद. आणि रागापुरते पाच-सात सूर उजळण्याचा मोह टाळावा. तसं केलं की डोळे वाजवायला लागतात, कान सुटी घेतात.

उरलेली ३१ बटणं अंधारात राहतील, पण मुकी करू नयेत. दरबारीचा गंधार आंदोलत खाली येतो तेव्हा तो १४ वरून १३ वर येऊन थांबेलच असं नाही. १३ च्या दोन ओळी खाली १२ आहे, बावीसांच्या या यादीत नसलेला. कधी तोच बरोबर वाटतो. आणि कधी कान १२ आणि १३ यांच्या मध्ये कुठेतरी बोट ठेवायला सांगतो, जिथे बटण नाही.